ट्रस रॉड अडकलाय? मोठा पाना आधी बाजूला ठेवा

१२-५३ जाडीच्या (हजारांश इंचात, सर्वांत बारीक तार १२, सर्वांत जाड ५३) सहा तारा सुरात लावल्या की अॅकूस्टिक गिटारच्या मानेवर ७० किलोच्या आसपास ताण येतो. तिला पुढे वाकू न देणारी पोलादी कांब म्हणजे ट्रस रॉड. तिचा नट फिरेना म्हणून जोर लावला, की एकतर नटातलं, पाना घालायचं षटकोनी भोक गोल होतं किंवा कांबच तुटते, आणि मग फ्रेटबोर्ड (मानेवरची लाकडी फळी, जिच्यावर फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असतात) उखडण्यापर्यंत पाळी येते.

पाना मापाचाच हवा. ३/१६ इंची अॅलन की (षटकोनी पाना) ४.७६ मिमीची असते. ५ मिमीच्या भोकात ती जाते खरी, पण कोपरे खाते. भोकातला भुसा, धूळ टाचणीने काढून पाना तळापर्यंत बसवा.

तारा सैल करून नट आधी डावीकडे, सोडायच्या दिशेने, जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरवून पाहा. सहज फिरला तर गंज नाही. आटे संपलेत किंवा नटावर भार फार आहे. दोन्हीकडे ढिम्म, तर गंज किंवा आत सांडलेला गोंद. कोकणातल्या पावसाळ्यात बॅगेत पडून राहिलेल्या गिटारला गंज चढायला वेळ लागत नाही.

अशा वेळी सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त नटाला, अर्धा-एक मिनिट टेकवा. गोंद मऊ पडतो. शिवाय नट पितळी असेल तर तो पोलादी कांबेपेक्षा जवळपास दीडपट प्रसरण पावतो आणि आट्यांवरची पकड किंचित सुटते. गार झाल्यावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब इंजेक्शनच्या सुईने सोडा आणि रात्रभर थांबा. तेल पेटतं, म्हणून हा क्रम उलटा करू नका. फवारा तर नकोच. तेल लाकडात मुरलं की पुढे गोंद धरत नाही.

भाराचं दुखणं वेगळं. नट आवळताना लावलेल्या जोराचा फार मोठा हिस्सा घर्षणातच जातो, आणि भार जितका जास्त तितकं घर्षण जास्त. म्हणून मान वाकवायचं काम नटाकडून करून घेऊच नये, ते क्लॅम्पचं काम. तारा काढून फ्रेटबोर्डवर अॅल्युमिनियमची सरळ, जाड पट्टी ठेवा. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर तिच्याखाली लाकडाचे ५-६ मिमी जाडीचे ठोकळे. सातव्या फ्रेटपाशी मानेमागे रबर लावून क्लॅम्प हळूहळू आवळा. मान जराशी मागे वाकली की साध्या, एकाच दिशेने (मान मागे ओढायचं) काम करणाऱ्या रॉडचा नट हलका होतो. मग तो पाव फेरा आवळून क्लॅम्प काढा.

तरीही नट दर वेळी त्याच जागी अडत असेल, तर आटे संपलेत. नट काढून खाली एक-दोन वॉशर घाला. दोन्ही दिशांनी काम करणाऱ्या रॉडला मात्र हा इलाज चालत नाही.

शेवटी मानेचा वाक तपासा. तारा सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), चौदाव्यावर बोट. सातव्या फ्रेटवर जाड तारेखाली ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. लाकूड सावकाश सरकतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.