दर्या आणि दऱ्या: अर्ध्या र च्या दोन तऱ्हा

‘आचार्यांना निरोप द्या’ आणि ‘आचाऱ्यांना निरोप द्या’. पहिला निरोप गुरुजींकडे जातो, दुसरा स्वयंपाकघरात. दोन्हींत अर्धा र आणि पुढे य. फरक एवढाच, की एकात र डोक्यावर रफार होऊन बसला आहे आणि दुसऱ्यात य च्या डाव्या अंगाला बारीक वळणदार रेघ होऊन चिकटला आहे.

हा नुसता लिहिण्याचा फरक नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. म्हणताना ‘दर्’वर जोर पडतो आणि मग ‘या’ येतो. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन. तिथे द वर आघात नाही. वृत्तात मात्रा मोजताना हे लगेच कळतं: ‘दर्या’तला द गुरू, ‘दऱ्या’तला लघू.

कुठे काय लिहायचं, याची माझी सवय साधी आहे. मूळ शब्दाकडे जायचं. सूर्य, कार्य, आचार्य यांत र आणि य आधीपासूनच जोडलेले आहेत, म्हणून ‘सूर्याला’, ‘कार्याची’. पण शेतकरी, अधिकारी, वारा, सुरी यांत र पूर्ण आहे. रूप बदलताना य मागाहून येतो, म्हणून शेतकऱ्यांना, अधिकाऱ्यांनी, वाऱ्यावर, सुऱ्या. ह पुढे असेल तर उच्चारावर जावं: ‘अर्हता’ म्हणताना अ वर जोर येतो, वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ म्हणताना मागच्या अक्षरावर येत नाही. आणि ‘ऱ्हास’, ‘ऱ्हस्व’ यांत तर आघात घ्यायला मागे अक्षरच नाही. (संस्कृतात तो ‘ह्रस्व’ आहे, आधी ह; मराठी जिभेने र पुढे आणला आणि लेखनही तसंच झालं.)

हिंदीच्या लेखनात ही रेघ नाही, नेपाळीत आहे. हिंदीच्या सवयीने टंकलं की ‘शेतकर्यांना’ उमटतं, आणि ते वाचताना मला दर वेळी ठेच लागते; ‘शेतकर्’वर असा जोर देऊन कुणीच बोलत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, या रेघेच्या ऱ ला स्वतंत्र जागा आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कळफलकावर शिफ्ट धरून J ही कळ दाबा, मग हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह), मग य. जुन्या मजकुरात हीच रेघ साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक वापरून काढलेली सापडते. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण संगणकाला ती वेगळी अक्षरं वाटतात. म्हणून शोधताना ‘शेतकऱ्यांना’ मिळाला नाही, तर दुसऱ्या पद्धतीनेही टंकून पाहावा.