विंचेस्टर १८७३ ची गुळगुळीत नळी: कारखान्यातली की नंतर केलेली?

विंचेस्टर मॉडेल १८७३ ही लिव्हरने चालणारी रायफल. तिच्या नळीत पिळाचे चर असतात. पण खास मागणी आली तर अमेरिकेतल्या न्यू हेवनचा हा कारखाना चर न पाडलेली, म्हणजे स्मूथबोअर नळीही बसवून देत असे. अशा बंदुका फार थोड्या निघाल्या. म्हणून त्यांना संग्राहकांत मोठा भाव आहे, आणि म्हणूनच तपासणी काटेकोर हवी.

ही मागणी छर्ऱ्यांसाठी असे. चर असलेल्या नळीतून छर्रे सोडले की पिळामुळे ते गरगरत बाहेर पडतात, लगेच पांगतात आणि मधोमध पोकळी राहते. अमेरिकेतला नेमबाजी-घोडेस्वारीच्या खेळांचा प्रसिद्ध आयोजक बफेलो बिल कोडी १८८३ पासून आपल्या खेळांत दौडत्या घोड्यावरून हवेतले काचेचे गोळे फोडत असे, ते अशाच छर्ऱ्यांच्या काडतुसांनी. छर्रे जवळच पडतात, गोळी प्रेक्षकांपलीकडे कुठेही जाऊ शकते.

मात्र गुळगुळीत नळी एवढाच पुरावा म्हणजे काहीच नाही. काळ्या दारूची काजळी ओल धरते, वेळेवर धुतली नाही तर नळी गंजते. गंजलेली रायफल कामात आणायला अनेक कारागिरांनी चर कापून काढले. त्यात फसवणूक नव्हती, पण ती कारखान्याची बंदूकही नव्हे.

आधी वही, मग नळी

खालच्या पट्टीवर, चापाच्या मागे, अनुक्रमांक असतो. तो घेऊन वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे पत्र मागवा. कारखान्याच्या गोदामाच्या वह्या तिथे आहेत. थोडे क्रमांक वगळता मॉडेल १८७३ च्या ७,२०,४९६ पर्यंतच्या नोंदी त्यांत सापडतात. नळी गोल की अष्टकोनी, बोअर (नळीच्या भोकाचं माप) कोणता, माल गोदामात कधी आला, कधी गेला, दुरुस्तीला परत आला का, हे पत्रात येतं. ‘स्मूथबोअर’ अशी नोंद असेल तर आमच्या मते तोच सगळ्यांत वजनदार पुरावा. नोंद नसेल तर दावा बराच कमकुवत होतो, पण पुरता संपत नाही, कारण कारकून प्रत्येक खास गोष्ट लिहीतच असे असं नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवा: पत्र अनुक्रमांकाचं असतं, नळीचं नाही. नळी नंतर बदललेली असू शकते.

त्यासाठी नळीवरचे शिक्के पाहा. १९०५ पासून विंचेस्टर लंबवर्तुळात डब्ल्यू-पी हा चाचणीचा शिक्का मारू लागली. जुन्या अनुक्रमांकाच्या बंदुकीच्या नळीवर तो असेल तर नळी बहुधा मागाहून बसवलेली आहे. लंबवर्तुळात नुसता पी असेल तर ती नळी सुटा भाग म्हणून विकली गेली होती.

नळीच्या आत

बंदूक रिकामी असल्याची खात्री आधी करा: काडतूस येणं थांबेपर्यंत लिव्हर खालीवर करा, मग नळीच्या मागच्या तोंडात डोकावा. मागून उजेड टाकून तोंडाकडून तिरपं पाहा. ४४-४० (या बंदुकीचं मुख्य काडतूस) च्या नळीत सहा चर असतात आणि ३६ इंचांत त्यांचा एक वेढा पुरा होतो. चर नीट कापले गेले नसतील तर याच मंद वळणाच्या फिकट सावल्या दिसतात.

खरा निवाडा मापात आहे. ४४-४० च्या चरांच्या तळाशी नळीचा व्यास साधारण ०.४२७ इंच (१०.८ मिमी) असतो, जुन्या नळ्यांत किंचित कमीजास्त. चर पुसायचे तर कापणाऱ्याला निदान त्या तळापर्यंत जावंच लागतं. म्हणून ०.४३० किंवा त्याहून मोठी, ताज्या कापाची नळी आम्ही संशयित धरतो. माप त्या तळाहून स्पष्ट लहान असेल तर तिथे ४४ चे चर कधी पडलेच नव्हते. अपवाद दोन. ३८-४० या लहान काडतुसाची नळी (चरांचा तळ सुमारे ०.४०० इंच) मोठी करून ४४ केलेली असू शकते, तेव्हा नळीवर ३८ चा शिक्का घासल्याच्या खुणा शोधा. आणि जुन्या नळीत नवी नळकांडी आरपार बसवलेली असेल, तर तोंडाच्या काठावर केसाएवढी गोल रेघ दिसते.

चेंबरचं, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेचं माप आम्ही सेरोसेफ ओतून घेतो. हा मिश्रधातू साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड झाल्यावर आधी आकसतो, मग फुगतो. बरोबर एका तासाने मोजला तरच माप खरं. घाईत घेतलेलं माप खोटी ग्वाही देतं.

नळीच्या वरच्या अंगालाही बघा. साध्या रायफलीत नेम धरायच्या मागच्या साइटसाठी खाच असते. ती पट्टी ठोकून बुजवली असेल तर ही नळी आधी रायफलीची असावी. लांबी बंद बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून मोजा: रायफल सहसा २४ इंच, कार्बाइन २०, मस्केट ३०. कमी भरली तर पत्रातल्या नोंदीशी ताडून बघा.

हे कृपया करू नका

नळी पॉलिश पेपरने घासू नका. आपण जे शोधतो ते चरांचे अवशेष त्यातच जातात. साध्या पेचकसाने स्क्रू उघडू नका, खाचा चेपतात आणि किंमत पडते. काळेपणा पुन्हा चढवू नका. आणि गोळी झाडून पाहू नका: या बंदुकीची सांध्यांची रचना काळ्या दारूच्या दाबापुरती आहे.

बंदूक वारशाने आली असली तरी शस्त्र कायदा, १९५९ लागू होतो. कालबाह्य किंवा पुरातन म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालू न शकणाऱ्या शस्त्रालाच. म्हणून परवान्याचा प्रश्न मिटेपर्यंत बंदूक आमच्याकडे आणू नका, फोटो पाठवा: खालची पट्टी, नळीवरची दोन ओळींची अक्षरं, चेंबरजवळचे शिक्के, काडतूस उचलणाऱ्या पितळी ठोकळ्याचा तळ (त्यावर बहुधा बोअर लिहिलेला असतो), नळीचं तोंड समोरून, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी. फ्लॅश नको, खिडकीजवळचा तिरपा उजेड पुरे.