एझे

नायजेरियाच्या आग्नेय भागातील इग्बो समाजात पारंपरिक प्रमुखाला असणारी उपाधी. काही ठिकाणी ‘इग्वे’ किंवा ‘ओबी’ असेही म्हणतात. बहुसंख्य इग्बो गावांत वंशपरंपरागत राजा नव्हता. कुळांचे वडीलधारे, ओझो ही मानाची पदवी मिळवलेले पुरुष, वयोगट आणि स्त्रियांच्या सभा मिळून निर्णय घेत. ‘इग्बोंना राजा नाही’ ही तिकडची म्हण प्रसिद्ध असली, तरी ती सरसकट लागू पडत नाही. ऑनिट्शा, ओगुता व न्री येथे राजपद होते.

यांपैकी न्रीचे राजपद अभ्यासकांच्या विशेष वादाचा विषय ठरले आहे. एझे न्रीकडे सैन्य नव्हते. भूमीविरुद्धचे पातक धुऊन काढणे, शांतता घडवणे व यामाच्या (एक कंद) हंगामाचा विधी करणे यांतून त्याचा प्रभाव दूरवर पसरला. त्याचे प्रतिनिधी विधिदंड घेऊन गावोगाव हिंडत. १९५९-६० व १९६४ मध्ये पुरातत्त्वज्ञ थर्स्टन शॉ यांनी जवळच्या इग्बो-उक्वू येथे उत्खनन केले. तेथे आसनस्थ पुरुषाचे दफन, काशाच्या वस्तू व दीड लाखाहून अधिक मणी मिळाले. अवशेषांचे वय ठरवणाऱ्या पाच किरणोत्सारी कार्बन तिथींपैकी चार इ. स. नवव्या शतकाच्या आसपासच्या निघाल्या, एक मात्र बरीच अलीकडची. अभ्यासक बाबातुंडे लवाल यांनी या स्थळाचा काळ अधिक अलीकडचा मानला. नववे-दहावे शतकच अधिक ग्राह्य वाटते. तथापि ते दफन एझे न्रीचेच होते, हे अभ्यासक एम. ए. ओन्वुएजिओग्वू यांच्या मांडणीतील अनुमान आहे, पुरावा नव्हे. ऑनिट्शाच्या राजघराण्याची परंपरा नायजेरियातीलच जुन्या बेनिन राज्याशी नाते सांगते. इतिहासकार त्यात शेजारच्या इगाला समाजाचा प्रभावही पाहतात.

ब्रिटिशांनी अप्रत्यक्ष (स्थानिक प्रमुखांमार्फत चालणाऱ्या) राज्यकारभारासाठी सनद देऊन ‘वॉरंट चीफ’ नेमले. त्यांतील बऱ्याच जणांना समाजात पूर्वी मान नव्हता, आणि स्थानिक न्यायालयांतून त्यांनी पैसा केला. १९११ मध्ये एझे न्रीलाही आपले विधिवत अधिकार सोडावे लागले. १९२९ मध्ये ओलोको येथून पेटलेल्या स्त्रियांच्या उठावात पन्नासहून अधिक स्त्रिया गोळीबारात मारल्या गेल्या. त्यानंतर वॉरंट चीफांची पद्धत मोडीत निघाली.

१९७६ च्या स्थानिक शासन सुधारणांनंतर राज्य सरकारांनी प्रत्येक ‘स्वायत्त समुदाया’ला मान्यताप्राप्त एझे दिला. प्रमाणपत्र व अधिकारदंड शासन देते. घटनेने त्याला कार्यकारी सत्ता दिलेली नाही. त्याचे काम सल्ला, तंटे मिटवणे व उत्सव एवढ्यापुरते, तर विकासकामे बहुधा ग्रामसंघटना पाहते. नवे समुदाय पाडण्याच्या मागण्या आणि वारसाचे वाद न्यायालयांत जातात.