तोच गॉफ, तोच गर्ली, दुप्पट गुण

2016च्या मोसमात लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाने 16 सामन्यांत 224 गुण केले. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या 32 संघांत सर्वांत कमी. पुढच्याच वर्षी या संघाने 478 गुण केले आणि पहिला क्रमांक गाठला. आक्रमण अडखळलं की ‘खेळाडूंत दम नाही’ आणि ‘कोचला काही कळत नाही’ असे दोन तट पडतात. हा वाद तपासून पाहायला रॅम्सच्या या दोन वर्षांइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

चेंडू घेऊन धावणारा टॉड गर्ली दोन्ही वर्षी संघात होता. 2016मध्ये तो 278 वेळा धावला आणि 885 यार्ड मिळवले. 2017मध्ये 279 वेळा धावून 1305 यार्ड. पाय तेच, संधीही जवळजवळ तेवढ्याच, तरी दर धावेमागे दीड यार्ड जास्त. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, म्हणून हे दीड यार्ड फार मोलाचं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणारा, जॅरेड गॉफ पहिल्या वर्षी सात सामने खेळला, सातही हरला. चेंडू फेकण्याआधीच बचावपटूंनी त्याला पाडलं (याला सॅक म्हणतात), तेही 26 वेळा. पुढच्या वर्षी 15 सामन्यांत 25 वेळा.

यावरून सगळं श्रेय तिशीतल्या नव्या कोचला, शॉन मॅकव्हेला, देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण ते चूक ठरेल. त्याच वर्षी क्वार्टरबॅकला कवच देणाऱ्या पाच जणांच्या फळीत दोघे नवे आले: डावीकडे 35 वर्षांचा अँड्र्यू व्हिटवर्थ, मधोमध जॉन सलिव्हन. रॉबर्ट वुड्स, कूपर कप आणि सॅमी वॉटकिन्स हे चेंडू झेलणारेही नवेच.

एक माणूस बदलल्याने किती फरक पडतो, ते साध्या गुणाकाराने कळतं. समजा, फळीतला प्रत्येक जण 100 पैकी 95 वेळा आपला माणूस अडवतो. मग पाचही जण एकाच वेळी यशस्वी होण्याची शक्यता 0.95 पाच वेळा गुणून येते, म्हणजे साधारण 77 टक्के. त्यातला एकच जण 85वर घसरला, तर ती 69वर येते. चौघे उत्तम असूनही दर 100 फेकींमागे आणखी आठ वेळा कवच फुटतं.

कोचचं काम कुठे दिसतं, तर घड्याळात. एक चाल संपली की पुढची 40 सेकंदांत सुरू करायची असते. कोचचा आवाज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या स्पीकरवर येतो आणि घड्याळात 15 सेकंद उरले की तो बंद होतो. मॅकव्हे खेळाडूंना लवकर रांगेत उभं करायचा. समोरचा बचाव मांडणी दाखवेपर्यंत त्याचा आवाज चालू असायचा, आणि ती मांडणी वाचून तो गॉफला सांगू शकायचा. शिवाय गर्लीच्या हातात चेंडू देण्याची हूल. बचावाची दुसरी फळी दोन पावलं पुढे धावते, तिच्या पाठीमागे मैदान मोकळं होतं आणि गॉफ तिथे चेंडू टाकतो. मात्र ही हूल खपायची, तर गॉफला कवच देणाऱ्या फळीने आणखी क्षणभर तग धरावा लागतो. इथे कोचची युक्ती व्हिटवर्थच्या खांद्यांवर उभी असते.

दोष कुणाचा हे ठरवायला नुसता धावफलक पुरत नाही, चित्रफीत थांबवून पाहावी लागते. झेलणारा मोकळा आहे, क्वार्टरबॅकभोवती कुणी नाही, तरी चेंडू चुकला, तर चूक फेकणाऱ्याची. तीन सेकंद मिळूनही कुणीच मोकळं झालं नाही, तर चालीची आखणी तपासावी, नाहीतर झेलणाऱ्यांचा वेग. समोरासमोरच्या झुंजीत फळीतला माणूस हरला, तर ती कुवतीची उणीव. पण बचावपटू कुणाचाही स्पर्श न होता आत घुसला, तर कुणी कुणाला अडवायचं हेच ठरलेलं नव्हतं किंवा नीट कळलं नव्हतं. ती बहुधा तयारीतली त्रुटी असते. एका चालीवरून निकाल देऊ नये. तीन-चार सामन्यांत तेच दिसलं, तर विश्वास ठेवावा.

आखणीलाही उतारा असतो. फेब्रुवारी 2019च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने सहा जण पुढच्या रांगेत उभे करून धावण्याच्या वाटा अडवल्या आणि मागच्या बचावपटूंनी एकेका झेलणाऱ्यामागे न धावता आपापली जागा राखली. रॅम्सना अवघे तीन गुण मिळाले.

2021मध्ये रॅम्सनी गॉफ आणि वर काही ड्राफ्ट निवडी (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) देऊन डेट्रॉइट लायन्सकडून मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला. कोच मॅकव्हेच होता, आणि त्याच मोसमात त्यांनी सुपर बोल जिंकला. तिकडे गॉफच्या लायन्सने त्या वर्षी 325 गुण केले, पुढच्या वर्षी 453. मधल्या काळात बेन जॉन्सन आक्रमणाचा समन्वयक झाला होता. आणि 2021मध्ये दुखापतीमुळे फक्त चार सामने खेळलेला सेंटर फ्रँक रॅग्नो फळीच्या मधोमध परतला होता.