बायबल जिथे थांबते तिथून सुरू होणारी कादंबरी

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ४१व्या अध्यायात एक उल्लेख ओझरता येतो: इजिप्तच्या राजाने, फारोने, योसेफाला ओन येथील याजकाची मुलगी आसनथ बायको करून दिली. पुढे तिच्या मुलांची नावे येतात आणि ती गोष्टीतून नाहीशी होते. मूर्तिपूजक याजकाच्या घरात वाढलेल्या मुलीने इब्री माणसाशी संसार कसा केला, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहतो. येशूच्या काळाच्या आगेमागे कुणा लेखकाने, बहुधा यहुदीच, ग्रीक भाषेत त्याचे उत्तर रचले. त्याची आसनथ मनोऱ्यात राहते, योसेफाला आधी तुच्छ लेखते, मग त्याला पाहून हादरते, आपल्या मूर्ती खिडकीतून फेकून देते आणि सात दिवस राखेत बसून उपास करते. शास्त्रातला जेमतेम उल्लेख, त्याभोवती कल्पनेने उभे केलेले माणूस आणि मध्यभागी श्रद्धेचा पालट: पुढे दोन हजार वर्षे बायबलाधारित कादंबरीने हाच साचा वापरला.

ख्रिस्ती समाजात हे लेखन दुसऱ्या शतकात जोमाने सुरू झाले आणि त्यावरचा वादही तेव्हाच पेटला. पौलाचे प्रवचन ऐकून ठरलेले लग्न मोडणारी थेक्ला ही त्या काळची नायिका. आरंभीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन सांगतो की आशिया प्रांतातल्या मंडळीच्या एका वडिलाने (धर्मसेवकाने) ही कथा रचली, ‘पौलावरील प्रेमापोटी लिहिले’ असे कबूल केले आणि त्याला पद सोडावे लागले. भक्तीने लिहिले म्हणून ते शास्त्राच्या नावावर खपवता येत नाही, हा निवाडा इतका जुना आहे. तरी कल्पनेतले तपशील समाजात मुरलेच. मरीयेच्या आईवडिलांची हन्ना आणि योवाकीम ही नावे चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांत, नाहीत. ती याकोबाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या शतकातल्या कथेतून आली. बेथलेहेमला जाताना मरीया ज्या गाढवावर बसते तेही त्याच कथेतले. लूकच्या दुसऱ्या अध्यायात गाढवाचा उल्लेखच नाही.

थोमाच्या कृत्यांची कथा तिसऱ्या शतकातली, सिरियाकडची. त्यात येशूचा शिष्य थोमा हिंदुस्थानात येतो, गुंदफर राजाकडून महालासाठी घेतलेले पैसे गरिबांना वाटतो आणि ‘महाल स्वर्गात बांधला’ असे सांगतो. हा राजा केवळ कल्पना असावा असे फार काळ वाटत होते. एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे त्याची नाणी सापडली. राजा खरा ठरला म्हणून महालाची गोष्ट खरी ठरत नाही, आणि हा फरक या प्रकारच्या वाचनात पदोपदी ध्यानात ठेवावा लागतो.

मराठीचा धागा इथे कादंबरीच्या कितीतरी आधी जुळतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलच्या छापखान्यात रोमन लिपीत छापले गेले: सुमारे ११ हजार ओव्या, पहिले पुराण जुन्या कराराचे, दुसरे येशूच्या चरित्राचे. जुनी पुराणे बंद झाल्यावर नवख्रिस्ती श्रोत्यांनी मन रमवायला काय ऐकायचे, ही त्यामागची गरज ग्रंथातच मांडलेली आहे. स्टीफन्सनी प्रसंग फुलवले, श्रोत्यांच्या तोंडी शंका घातल्या, पण कथेचा कणा शास्त्राचाच ठेवला. पुढे ना. वा. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ सुरू केले आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले. आपल्याकडे ही परंपरा अशी ओवीतून वाहिली. बायबलकाळावरची गद्य कादंबरी फुलली ती पश्चिमेत.

तिथे ती एकोणिसाव्या शतकातच का फुलली, याला कारणे आहेत. वॉल्टर स्कॉटने ऐतिहासिक कादंबरीचा घाट रूढ केला होता. एडवर्ड रॉबिन्सनने १८३८ मध्ये पॅलेस्टाइन पालथे घालून बायबलमधली ठिकाणे नकाशावर आणली. स्ट्राउस (१८३५) आणि रेनाँ (१८६३) यांच्या येशूचरित्रांनी चमत्कारांवर प्रश्न उभे केले, तेव्हा श्रद्धावंत वाचकाला ‘हे खरोखर असे घडले असेल’ असे डोळ्यांपुढे उभे करणारे काहीतरी हवे होते. जोसेफ होल्ट इंग्रॅम या अमेरिकन धर्मगुरूने १८५५ मध्ये यरुशलेमात राहायला आलेल्या एका यहुदी मुलीच्या पत्रांतून येशूची कथा सांगितली. प्रत्यक्षदर्शीची पत्रे ही युक्ती तेव्हापासून रुळली.

मग १२ नोव्हेंबर १८८० रोजी ‘बेन-हर’ आली. लेखक ल्यू वॉलेस अमेरिकन यादवी युद्धातले सेनापती. शेवटचा भाग त्यांनी न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर असताना सांता फे येथे लिहिला. पॅलेस्टाइन तोवर पाहिलेच नव्हते. सारे काही नकाशे आणि ग्रंथांवरून. पहिल्या काही महिन्यांत खप जेमतेम होता, मग वाढतच गेला. या यशामागचा खरा निर्णय रथांच्या शर्यतीचा नव्हता. वॉलेसनी येशूला नायक केले नाही. नायक सूडाने पेटलेला यहुदी तरुण, आणि येशू मोजक्या प्रसंगी त्याच्या वाटेवर येतो. येशूच्या तोंडी शुभवर्तमानाबाहेरचा शब्द घालायचा नाही, हा नियमही त्यांनी पाळला. देवपुत्राला संवाद लिहून देण्याचा धोका त्यामुळे टळला. १८९९ च्या नाटकातही येशूच्या जागी फक्त प्रकाशाचा झोत होता.

पण याच पुस्तकाने काही चुका घट्ट रुजवल्या. रोमन युद्धनौकांवर साखळदंडांनी बांधलेले गुलाम वल्ही मारत, हे चित्र त्यातलेच; प्रत्यक्षात रोमन आरमाराचे वल्हेकरी सहसा पगारी, स्वतंत्र माणसे असत. गॅलीवरची, म्हणजे वल्ह्यांच्या युद्धनौकेवरची, सजा ही फार नंतरच्या भूमध्यसागरातली. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी, तिघे, आणि त्यांतला एक हिंदू, हेही मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात नाही. तिथे संख्याच नाही. तीन भेटींवरून परंपरेने तीन माणसे ठरवली.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. पोलिश लेखक शेन्क्येविचची ‘क्वो वादिस’ १८९५-९६ मध्ये वर्तमानपत्रातून क्रमशः छापली गेली. तिचे नाव पेत्राच्या अप्रमाणित कृत्यांतून घेतलेले आणि रोमन सम्राट नीरोने केलेल्या छळाचा आधार रोमन इतिहासकार टॅसिटसचा. लॉइड डग्लसने १९४२ मध्ये योहान १९:२३-२४ मधला बिनशिवणीचा अंगरखा उचलून ‘द रोब’ लिहिली. स्वीडिश लेखक लागरक्विस्टचा ‘बराब्बास’ (१९५०) या सगळ्यांहून वेगळा आणि आमच्या मते सर्वांत प्रामाणिक: ज्याच्या जागी येशू मेला त्या माणसाला विश्वास ठेवायचा आहे आणि जमत नाही. १९८० नंतर अमेरिकेतल्या इव्हॅन्जेलिकल प्रकाशकांनी या प्रकाराला नियमित बाजारपेठ दिली. लक्ष आता तामार, राहाब, बथशेबा अशा शास्त्रात थोडक्यात येणाऱ्या स्त्रियांकडे वळले.

जुने पुस्तक वाचताना ते कोणत्या साली लिहिले हे आधी पाहावे. १९६१ मध्ये कैसरियाला येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचे नाव कोरलेला दगड सापडला. त्यावर त्याचे पद प्रीफेक्ट असे आहे. त्याआधीच्या कादंबऱ्या टॅसिटसच्या आधाराने त्याला प्रोक्युरेटर म्हणतात. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुंडाळ्या, म्हणजे जुनी यहुदी हस्तलिखिते, १९४७ पासून उजेडात आल्या, म्हणून बाप्तिस्मा करणारा योहान कुमरानच्या मठात वाढलेला दिसला तर ती त्यानंतरची कल्पना समजावी. मग्दालीया मरीया वेश्या होती हे कोणत्याही शुभवर्तमानात नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीच्या प्रवचनाने ती ओळख पक्की केली. यहुदी पात्रे एकजात कपटी रंगवलेली असतील, तर तो लेखकाच्या काळाचा दोष आहे आणि तो दोष म्हणूनच वाचला पाहिजे.

सर्वांत अवघड गाठ जन्मकथेची. मत्तयनुसार येशूचा जन्म हेरोद राजाच्या राज्यात, आणि हेरोद बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये मेला. लूक सिरियाचा सुभेदार क्विरीनिय याच्या ज्या नावनिशीचा (जनगणनेचा) उल्लेख करतो ती यहुदी इतिहासकार जोसेफसच्या हिशेबाने इ.स. ६ मधली. बहुतेक कादंबरीकार दोन्ही एकाच रात्रीत बसवतात. कोणत्याही बेथलेहेमच्या कादंबरीआधी मत्तय १-२ आणि लूक १-२ वेगवेगळे, एकापाठोपाठ वाचावेत: एकात मागी, तारा आणि इजिप्तला पलायन, दुसऱ्यात मेंढपाळ, गव्हाण आणि मंदिरातला शिमोन. लेखकाने कुठे सांधा जोडला ते मग आपोआप दिसते. पुस्तकाच्या अखेरीस लेखकाचे निवेदन असेल तर तेही गोष्ट संपल्यावर लगेच वाचावे. चांगले लेखक काय शास्त्रातले, काय जोसेफसचे आणि काय स्वतःचे, हे तिथे उघड सांगतात.