घेटुळी कोणती, विषखापरा कोणता

पायाला सूज आली, अंगात पाणी साठलं की पुनर्नवा, हे आपल्या भागात सगळ्यांना पाठ आहे. काढा कसा उकळायचा हेही घरोघरी माहीत आहे, आणि पुनर्नवासवाची बाटली बऱ्याच कपाटांत असते. त्यामुळे गुण काय ते मी सांगत बसत नाही. प्रश्न वेगळाच आहे: तुम्ही उपटून आणली ती पुनर्नवाच आहे का?

पहिला पाऊस झाला की बेळगावकडच्या येळ्ळूर-वडगावच्या बांधांवर जमिनीसरशी दोन वनस्पती पसरतात. एक खरी पुनर्नवा, म्हणजे घेटुळी. दुसरी विषखापरा. लोक दोन्हीला घेटुळी म्हणतात, दोन्हीला वसू म्हणतात. पानं दोन्हीची गोलसर. बाजारात कन्नडमध्ये ‘कोम्मे’ म्हणून मागितली तरी घोळ मिटत नाही.

आणि मग ओळख सांगतात ती रंगावरून. तांबडा देठ म्हणजे औषधाची, पांढरट म्हणजे दुसरी. हे ऐकलं की मला राहवत नाही. विषखापऱ्याचा देठ बऱ्याचदा चांगला तांबूस असतो, आणि सावलीत वाढलेली खरी घेटुळी हिरवटच राहते. ‘पांढरी पुनर्नवा’ नेमकी कोणती यावर जाणत्या वैद्यांतही मतभेद आहेत. रंग सोडून द्या.

फूल कुठे बसलंय ते बघा. घेटुळीची फुलं टाचणीच्या डोक्याएवढी, गुलाबी-लालसर, लांब नाजूक दांड्यांच्या टोकाला झुपक्यानं येतात, पानांपासून दूर. विषखापऱ्याचं फूल एकटं असतं, बिनदेठाचं, पानाच्या बगलेत रुतलेलं. पानाच्या देठाचा तळ फुगीर असतो, त्याच्या खोबणीत ते अर्धं लपतं, आणि पान बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. मग फळाला हात लावा. घेटुळीचं फळ बारीक, पाच कंगोऱ्यांचं आणि चिकट. रानातून आल्यावर साडीच्या काठाला, पँटीच्या पायाला हिरवे दाणे चिकटलेले असतात ना, तेच. विषखापऱ्याचं फळ चिकटत नाही. ते वाळलं की वरचा भाग टोपणासारखा सुटतो आणि आत काळ्या बिया दिसतात.

तिसरी खूण मुळात आहे, आणि नावाचा अर्थही तिथेच. उन्हाळ्यात घेटुळी वरून वाळून जाते, पण जाड मूळ जमिनीत जिवंत असतं, आणि पाऊस पडला की त्यातूनच ती फुटते. पुन्हा नवी होते, म्हणून पुनर्नवा. विषखापरा एका हंगामाचा. तो दरवर्षी बियांपासून उगवतो, पुन्हा नवा होत नाही.

फरक न केल्यानं काय होतं? विषखापऱ्याची कोवळी पानं भाजीत खाल्ली जातात, ते ठीक. पण जून पानांनी जुलाब लागतात आणि मूळ जोरकस रेचक आहे. जुलाबानं वजन उतरलं की लोकांना वाटतं, पाणी निघालं, औषध लागू पडलं. आमच्या गल्लीतल्या एका काकू दोन दिवस अशाच समाधानात होत्या, तिसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळल्या. गरोदर बाईला तर हे मूळ चुकूनही देऊ नये, त्यानं गर्भपाताचा धोका असतो.

विकत घ्यायची तर पूड घेऊ नका, पुडीत काय आहे ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. वाळलेलं अख्खं पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सगळी वनस्पती मागा, दांड्या आणि फळं लागलेली. दुकानदार कुरकुरला तर दुसरीकडे जा.

खरी घेटुळी मिळाली तरी एक बघाच. नडगीवर अंगठा दाबून ठेवा. खड्डा पडून तसाच राहत असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांपैकी काही बिघडलंय का ते आधी तपासायला हवं. एकच पाय सुजून दुखत असेल किंवा दम लागत असेल तर काढा चुलीवर ठेवूच नका, थेट डॉक्टर गाठा. घेटुळीत पोटॅशियम भरपूर असतं. ज्यांचं मूत्रपिंड कमजोर आहे किंवा ज्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही घेऊ नये.