काळी चकती जास्त करंट का सोसत नाही?

‘चकती लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवली, रेझिस्टन्स शून्य आला, पण करंट वाढवताच व्होल्टेज पुन्हा दिसू लागलं. पीस खराब आला का?’ कॉलेजच्या प्रयोगशाळांमधून आम्हाला हे नेहमी विचारलं जातं. चकती बहुधा ठणठणीत असते.

ही चकती वायबीसीओची, म्हणजे यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. भुकटी दाबून, भट्टीत भाजून, शेवटी ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करून ती तयार होते. साधारण 92 केल्व्हिनखाली ती अतिवाहक होते, म्हणजे तिचा रेझिस्टन्स शून्य होतो, त्यामुळे नायट्रोजनचे 77 केल्व्हिन पुरतात. मात्र ती एकसंध स्फटिक नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काही मायक्रॉनचे असंख्य कण दिसतात, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. कणाच्या आत करंट भरपूर वाहतो, अडतो तो दोन कणांच्या सीमेवर.

या पदार्थात करंट वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांचा आवाका जेमतेम दीड नॅनोमीटर. सीमेवर अणूंची मांडणी विस्कटलेली आणि ऑक्सिजन कमी पडलेला. हा पट्टाही जवळपास तेवढाच रुंद. त्यामुळे सीमा म्हणजे दुबळा सांधा. रस्ता कितीही रुंद असला तरी गाड्या सुटतात त्या टोलनाक्याच्या गतीनेच. 1988 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी ठरावीक कोनात जोडलेल्या दोन स्फटिकांच्या फिल्मवर, म्हणजे पातळ थरावर, हे थेट मोजलं. कोन चार-पाच अंशांपलीकडे गेला की करंट घसरतो, आणि पुढे दर दहा अंशांना साधारण दहापट.

म्हणून चांगल्या फिल्ममधून 77 केल्व्हिनला दर चौरस सेंटिमीटरला 10 लाख अँपियरहून जास्त करंट जातो, तर भाजलेल्या चकतीतून बहुधा 100 ते 1,000. चकतीतून 2 मिलिमीटर × 2 मिलिमीटर छेदाची कांडी कापलीत, तर 200 च्या हिशेबाने 8 अँपियर. जवळ लोहचुंबक असेल तर त्याहूनही कमी, कारण हे सांधे थोड्याशा चुंबकीय क्षेत्रानेही ढिले पडतात. मोजताना चुंबक लांब ठेवा. सिल्व्हर पेंटचे जोड तापत नाहीत ना, तेही पाहा. व्होल्टेज कधीकधी त्यामुळेच येतं.

सगळ्याच अतिवाहकांत सीमा शत्रू नसतात. नायोबियम-टिनच्या तारेत त्या हव्याच असतात: चुंबकीय रेषा धरून ठेवतात, म्हणून तार जास्त करंट सोसते.

खरोखर जास्त करंट हवा असेल तर चकती घेऊ नका, वायबीसीओ जातीची लेपित पट्टी घ्या. तिच्यात धातूच्या पट्टीवर कण जवळपास एकाच दिशेला बसवलेले असतात. एक-दोन मायक्रॉनच्या थरातून 4 मिलिमीटर रुंदीची पट्टी 100 अँपियर वाहून नेते. चुंबक दणकून तरंगवायचा किंवा उलटा लटकवायचा असेल तर वितळवून वाढवलेला एककणी ठोकळा लागतो. तो महाग आहे, पण भाजलेल्या चकतीवर चुंबक बेताचाच उचलला जातो. ‘रेझिस्टन्स विरुद्ध तापमान’ हा प्रयोग मात्र चकतीवरच करावा, त्यासाठी महागडं काही नको.

ऑर्डर देताना प्रयोग कोणता ते कळवा. आणि प्रयोगानंतर चकतीवर दव साचतं, ते टिपून ती सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ओल लागली की पृष्ठभागावर पांढरा थर चढतो.